इंजिन इकडचं तिकडे

३ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद असलेली बरी. पुढे कुणी विचारलंच की एवढं सुचलं कसं, तर दाखवता येईल. दाखवणार कुणालाच नाही, पण असावी.

परिस्थिती अशी. बाबा तीस तारखेला ताईकडे राहायला जाणार. कायमचे. तिच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, आमच्या बिल्डिंगला नाही, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. बाबांचे गुडघे गेलेत. आठ महिने जिना उतरलेले नाहीत. मी स्वतः लिफ्टच्या कंपनीत कामाला आहे हा निव्वळ योगायोग, पण ताईने तो फोनवर दोनदा ऐकवला. मी दुर्लक्ष केलं.

मुद्दा एवढाच की बाबा जाता कामा नयेत. घरात बाबा नाहीत ही कल्पनाच मला सहन होत नाही. हे कुणाला सांगायची गरज नाही. करून दाखवायचं.

प्लॅन: खाली पार्किंगमध्ये बाबांची मोटरसायकल आहे. तीन वर्षं ताडपत्रीखाली. बाबा छापखान्यात मशीन फिटर होते, अडतीस वर्षं रोज त्याच गाडीवरून गेले. गाडी सुरू झाली की बाबा खाली येतील. खाली आले की मागे बसून फिरतील. फिरले की मन ताजं, मन ताजं की गुडघे सैल, गुडघे सैल की जिना काहीच नाही. मग लिफ्ट हवी कशाला? ताईचा मुद्दाच संपला.

बाबांना आत्ता कळू द्यायचं नाही. सरप्राइज. गाडीवर बसवायचं, एक चक्कर मारायची आणि मग म्हणायचं की बाबा, आता कशाला जाताय. सत्तावीस दिवस आहेत. चिक्कार झाले.

३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.४०
बासष्ट किका मारल्या. गाडी हूं की चूं करत नाही. माझाच गुडघा दुखतोय.
निदान: इंजिन संपलेलं आहे.

५ नोव्हेंबर
कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. सगळे त्याला पाना म्हणतात. दीड मिनिट बघितलं, पेट्रोलचा वास घेतला आणि म्हणाला की जुनं पेट्रोल साचून कार्बोरेटर तुंबलाय, शनिवारी आणून टाका, साफ करून देतो.

मी हसून वेळ मारून नेली. काही माणसांची झेप फडक्यापर्यंतच असते. तीन वर्षं बंद पडलेली गाडी म्हणे पुसून चालू होणार! मी एकोणीस वर्षं टेक्निकल क्षेत्रात आहे. (लोकांच्या लिफ्टच्या तक्रारी फोनवर लिहून घेतो. पण ऐकून ऐकून माणूस निम्मा इंजिनिअर होतोच.)

निर्णय: इंजिन बदलायचं. दुसरं बसवायचं. जगात सगळीकडे करतात.

६ नोव्हेंबर, दुपारी, ऑफिसात
फोनवर ‘किक मारा मंडळी’ या ग्रुपमध्ये दाखल झालो. दोनशे चौदा सभासद, सगळे जुन्या मोटरसायकलवाले. विचारलं की जुन्या गाडीला दुसरं कुठलं इंजिन बसेल. तासाभरात एक्केचाळीस उत्तरं! ज्ञानी माणसं. ऑफिसात एक प्रश्न विचारला तर चार दिवस उत्तर येत नाही.

एकाने ट्रॅक्टरचं सुचवलं, मागे नांगरही लावता येतो म्हणे. एकाने बोटीचं, रस्त्यात पाणी साचलं तरी चिंता नाही. एकाने हेलिकॉप्टरचं, पार्किंगचा प्रश्नच मिटतो. शिलाई मशीनचं बसवलं तर अ‍ॅव्हरेज उत्तम, फक्त दर दोन किलोमीटरला दोरा ओवायचा. मी सगळं लिहून घेतलं आणि दोन याद्या केल्या: ‘शक्य’ आणि ‘जरा अवघड’.

डोळ्यांतून पाणी वाहणारे चेहरे सतरा जणांनी टाकले. जुन्या गाडीबद्दल लोक एवढे हळवे असतात हे माहीत नव्हतं. मलाही भरून आलं.

७ नोव्हेंबर
ग्रुपवरच्या एकाने लिफ्टची मोटर सुचवली. मी आमच्या दुरुस्ती विभागातल्या साहेबांना विचारलं की लिफ्टची मोटर मोटरसायकलला चालेल का. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग रजा किती शिल्लक आहे ते विचारलं. काळजीवाहू माणूस.

ग्रुपवर त्याच गृहस्थाने नंतर खुलासा केला की ती मोटर लावली तर गाडी फक्त वर-खाली जाईल. ‘जरा अवघड’ यादीत टाकली.

९ नोव्हेंबर
ठरलं! ग्रुपवर ‘सायलेन्सर’ नावाचे जुने जाणते आहेत. ते म्हणाले, पाण्याच्या पंपाचं इंजिन बसवा, रस्ताही होईल आणि बागही. साधं, मजबूत, दोरी ओढली की सुरू. किक मारायला नको, म्हणजे पुढेमागे बाबांनाही चालवता येईल. सगळ्यांनी टाळ्यांचे हात टाकले. मला त्यांनी पदवीच दिली, ‘चीफ इंजिनिअर’. एकोणीस वर्षांत ऑफिसने मला साधी खुर्ची बदलून दिली नाही.

बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने विचारलं, बाबांशी बोललात का. म्हटलं, कशाबद्दल. म्हणाली, राहण्याबद्दल. म्हटलं, अगं, दुसरं काय चाललंय माझं? तिने बाबांच्या शर्टाची घडी पुन्हा मोडली आणि पुन्हा घातली. बायकांना प्रोसेस कळत नाही.

१२ नोव्हेंबर
मोहीम फत्ते. कुंड्या आणि रोपं विकणारा एक नर्सरीवाला आहे, त्याच्याकडे पंपाचं जुनं इंजिन पडून होतं. त्याला म्हटलं, इंजिनाच्या बदल्यात इंजिन घे. तो म्हणाला, मोटरसायकलचं अख्खं? असंच्या असं? म्हटलं, अख्खं, कार्बोरेटरसकट, मेलेलंच आहे. त्याने विचार करायलासुद्धा वेळ घेतला नाही. वर एक कुंडी फुकट दिली. व्यवहार कसा करावा हे लोकांनी माझ्याकडून शिकावं.

वॉचमनच्या मदतीने जुनं इंजिन काढलं. चार तास. बोटं सोलली. नऊ नट जास्तीचे उरले, म्हणजे कंपनीने उगाच लावले होते.

गाडीच्या पोटात आता नुसतं भोक आहे. तिच्याकडे बघवत नाही, म्हणून ताडपत्री टाकली.

१४ नोव्हेंबर
ताईचा फोन. तिने बाबांसाठी खोली रिकामी केलीय, खिडकीजवळ पलंग लावलाय. बाबा तिच्याशी हळू आवाजात बोलत होते. मग फोन माझ्याकडे आला. ताई म्हणाली, तुला काही बोलायचंय का त्यांच्या जाण्याबद्दल, असेल तर आत्ता बोल. म्हटलं, तीस तारखेनंतर बोलू. तिला काय कल्पना, तीस तारखेला काय होणार आहे!

बाबा माझ्याकडे बघत होते. मला हसू आवरेना, म्हणून खाली पार्किंगमध्ये निघून आलो.

१७ नोव्हेंबर, सकाळी
पंपाचं इंजिन गाडीच्या सांगाड्यात बसत नाही. एकही भोक जुळत नाही. मग मी डोकं लावलं. लाकडी फळी, दोन लोखंडी पट्ट्या आणि जिथे पट्टी पोचत नाही तिथे तार. घट्ट बसलंय. हलवलं तर फक्त इंजिनच हलतं, गाडी हलत नाही.

मागच्या सीटवर बाबांसाठी ऑफिसच्या भंगारातली खुर्ची बसवली. पाठ टेकायला, हात ठेवायला. खालची चाकं काढून टाकली. एक निघत नाहीये, राहू दे.

ग्रुपवर फोटो टाकला. शहाण्णव उत्तरं. एक जण म्हणाला की त्याने हा फोटो फ्रेम करून दुकानात लावलाय, दिवस वाईट गेला की तो बघतो. असं कुणी माझ्याबद्दल पूर्वी बोललं नव्हतं.

१९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.००
छोटी अडचण. गिअरचा पायडल कशालाच जोडलेला नाही. क्लचची केबल नुसती लोंबतेय. ग्रुपवर विचारलं की पंपाच्या इंजिनाला गिअर कुठे असतात.

दहा मिनिटं कुणी काहीच लिहिलं नाही. दोनशे चौदा माणसं आणि चिडीचूप.

मग सायलेन्सर यांनी लिहिलं, तुम्ही खरंच इंजिन काढलंत? म्हटलं, अर्थात. फोटो टाकला होता की. ते म्हणाले, आम्हाला वाटलं कुणाचा तरी जुना फोटो आहे. साहेब, आम्ही मजा करत होतो, आम्हाला वाटलं तुम्हीही मजाच करताय.

मी लिहिलं, हो, अर्थात, मीही मजाच करत होतो.
डोळ्यांतून पाणी वाहणारा चेहराही टाकला. माझ्याकडे तोच होता.

२० नोव्हेंबर
सुट्टी टाकून पार्किंगमध्ये बसलो होतो. अकराच्या सुमाराला जिन्यात काठीचा आवाज आला. एकेक पायरी. बाबा! आठ महिन्यांनी! माझा प्लॅन गाडी सुरू व्हायच्या आतच लागू पडला, असं वाटून मी उभाच राहिलो.

वॉचमनने स्टूल दिलं. बाबा बसले, दम घेतला, मग गाडीकडे बघितलं. फळी बघितली, तार बघितली, खुर्ची बघितली. तारेला बोट लावून बघितलं.

“इंजिन कुठंय?”

म्हटलं, दिलं बदलून. मेलेलं होतं ते.

बाबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “गिअर त्यातच होते रे. क्लचही त्यातच.”

मी म्हटलं, मला माहीत होतं, त्यावर वेगळं सोल्यूशन आहे. बाबांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. वर जायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली. मी मागे होतो, पण हात धरू की नको हे मला ठरवता येईना. त्यांना कमीपणा वाटला असता. तिसऱ्या मजल्यावर ते थोडे थांबले, माझ्याकडे वळले. मला वाटलं, दम लागलाय. म्हटलं, चला, पोचलोच.

२१ नोव्हेंबर
नर्सरीत गेलो. इंजिन परत घ्यायचं, पंपाचं त्याला परत द्यायचं, कुंडीसुद्धा द्यायची असं ठरवून.

गेटमधूनच आवाज ऐकू आला. ओळखीचा. लहानपणी संध्याकाळी तो आवाज वळणावर आला की मी पाटावर पुस्तक उघडून बसायचो.

नर्सरीवाल्याने कार्बोरेटर उघडला, जुन्या शर्टाने पुसला आणि दुसऱ्या किकला इंजिन सुरू. त्याच्या कुंड्या वाहायच्या तीनचाकी गाडीचं इंजिन वर्षभर बंद होतं, तिथे त्याने ते बसवलंय. सुरेख बसवलंय. फळी नाही, तार नाही. परत देणार का म्हटलं तर म्हणाला, साहेब, आता माझं पोट त्याच्यावर आहे. आणि मला आणखी एक कुंडी देऊ लागला.

म्हणजे तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर माझं इंजिन बदलणं शंभर टक्के यशस्वी झालेलं आहे. फक्त ते माझ्याकडे नाही.

पाना मेकॅनिकच्या दुकानावरून यावं लागू नये म्हणून लांबच्या रस्त्याने घरी आलो.

२२ नोव्हेंबर
ग्रुप सोडलेला नाही. सोडला तर त्यांना वाटेल मला वाईट वाटलं.

२४ नोव्हेंबर
रात्रभर विचार केला आणि पहाटे उलगडा झाला. गिअर लागतात कशाला? आमच्या कंपनीच्या नव्या लिफ्टना गिअर नसतात. गिअर ही मागच्या पिढीची सवय आहे. इंजिनावरून साखळी थेट मागच्या चाकाला. एकच स्पीड. बाबांना तरी कुठे शर्यत लावायचीय?

बाबा चार दिवस गप्प आहेत. बायकोने त्यांची बॅग भरायला काढली. मी म्हटलं, एवढ्यात नको. ती म्हणाली, मग त्यांना सांगा ना तसं. म्हटलं, सव्वीसला ट्रायल आहे, ती झाली की लगेच सांगतो.

२६ नोव्हेंबर, सकाळी ११.३०, डाव्या हाताने लिहितोय
ट्रायल झाली.

सकारात्मक बाजू आधी लिहितो. इंजिन पहिल्या दोरीला सुरू झालं. साखळी तुटली नाही. गाडी चालली.

एक बारीक गोष्ट लक्षात आली नव्हती. क्लच नाही, म्हणजे इंजिन सुरू झालं की चाक फिरणारच. आणि दोरी ओढायला मी गाडीच्या बाजूला उभा होतो, गाडीवर नव्हतो. गाडी एकटीच निघाली. मागची खुर्ची डुलवत, सरळ रेषेत, फाटकापर्यंत गेली, वॉचमनची खुर्ची आडवी केली आणि भिंतीला जाऊन थांबली. वॉचमन जागेवर नव्हता. या सवयीबद्दल मी त्याच्याविरुद्ध तीन अर्ज दिलेत, ते मागे घेतो. पुढचं चाक वाकडं झालंय. दोरीने माझ्या उजव्या तळहाताची साल काढली.

२६ नोव्हेंबर, संध्याकाळी
बायकोने सांगितलं की बाबा खिडकीत होते. गाडी एकटी निघाली तेव्हा ते एवढे हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाले, त्याचा हात बघ आधी.

हाताला पट्टी त्यांनीच बांधली. छापखान्यात रोज कुणाचं ना कुणाचं बोट कापायचं, त्यामुळे त्यांचा हात बसलेला आहे. घरात आम्ही दोघंच होतो. दहा मिनिटं तरी त्यांनी माझा हात हातात धरून ठेवला होता. पट्टी कधीच बांधून झाली होती. मी त्यांना साखळी, चाकाचे दाते आणि वेगाचं गणित समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, “आणि तीस तारखेचं?”

म्हटलं, “तोपर्यंत पुढचं चाक सरळ करतो, बाबा.”

त्यांनी माझा हात आपल्या मांडीवरून उचलून माझ्या मांडीवर ठेवला. मग उठले आणि कपाटातले कपडे काढायला लागले.

२९ नोव्हेंबर
चाक सरळ होत नाहीये. हातोडीने एका बाजूला सरळ केलं की दुसऱ्या बाजूला वाकतं. पाना मेकॅनिककडे न्यायला हवं, पण तो आता विचारणार. उद्या पहाटे उठून एक शेवटचा प्रयत्न. टॅक्सी दहाला आहे. सहाला सुरुवात केली तर चार तास मिळतात. एका चक्करला दहा मिनिटं खूप झाली.

३० नोव्हेंबर
पावणेसहापासून खाली होतो. टॅक्सी साडेनऊलाच आली.

बाबा बायकोच्या खांद्यावर हात ठेवून उतरले. मी बॅग घ्यायला पुढे झालो तर ती म्हणाली, हात बघा तुमचे. कोपरापर्यंत काळे. बॅग ड्रायव्हरने उचलली. बाबांना आत बसवलंही त्यानेच. मी दार लोटायला गेलो, तर म्हणाला, मागे सरका, दाराला काळं लागेल.

बाबांनी काच खाली केली. म्हणाले, “साबणाने नाही निघणार. आधी रॉकेल लाव, मग साबण.”

म्हटलं, बरं.

टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाली. मी तिथेच उभा राहिलो, हात अंगापासून लांब धरून. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. वॉचमनने रॉकेल आणून दिलं तेव्हा त्याच्यासमोरच रडलो.

१ डिसेंबर
बाबांच्या खोलीत गेलो नाही. खालीही गेलो नाही. ऑफिसात एकवीस तक्रारी लिहिल्या.

४ डिसेंबर
नवीन विचार. इलेक्ट्रिक मोटर. आवाज नाही, धूर नाही, क्लचची भानगड नाही. पुढच्या महिन्यात गाडी चालू झाली की तीच घेऊन ताईकडे जायचं आणि बाबांना मागे बसवून घरी आणायचं. प्लॅनला तारीख घालायला हवी. बायकोला सांगितलं. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

७ डिसेंबर, रविवार, सकाळी १०.१५
ताईला फोन केला. बाबांची तब्येत विचारली. म्हणाली, झोप चांगली लागते, लिफ्टने खाली जातात, बागेपर्यंत दोन फेऱ्या मारतात. मी म्हटलं, बघ, गुडघे सैल होणार हे मी म्हणतच होतो.

ती म्हणाली की एक सांगते, रागवू नकोस. बाबांनी तिला खोली लावायला दोनदा थांबवलं होतं. एवढ्यात नको म्हणाले, तो काहीतरी बोलेल. चौदा तारखेला त्यांनीच तिला सांगितलं होतं की त्याला फोन देतो, तू विचारून बघ. वीस तारखेला तिला फोन करून म्हणाले की आज मी खाली जाऊन आलो, आज बोलेल. सव्वीसला म्हणाले, तीस तारखेचं निघायचं नक्की कर. ताई म्हणाली, तू नुसतं थांबा म्हणाला असतास तर ते थांबले असते, जिना वगैरे नुसतं निमित्त होतं.

मी म्हटलं, बाबांना दे.

म्हणाली, आत्ताच खाली गेलेत, आल्यावर सांगते. काय म्हणून सांगू?

म्हटलं, गाडीबद्दल बोलायचं होतं.